मोडलेल्या मांड्यांचा हिशेब: खापरावरचे मांडे शिकण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातले आहे. नोव्हेंबर 2022 ते मे 2024 या अठरा महिन्यांत एक तरुणी खापरावरचे पुरणाचे मांडे करण्याचे काम एका जाणत्या बाईंच्या हाताखाली शिकली. दोघींना मीच एकत्र आणले होते. महिलांच्या रोजगाराचे काम करणाऱ्या एका लहान स्थानिक गटात मी असते आणि या काळातल्या नोंदी माझ्याकडे आहेत. दोघींच्या संमतीने हे लिहीत आहे, पण ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. शिकवणाऱ्या बाईंना येथे मावशी म्हटले आहे, कारण गावात सगळे त्यांना तसेच म्हणतात.

मावशींचे वय त्या वेळी 58 होते. आईकडून शिकलेले हे काम त्या लग्नाआधीपासून करत आल्या होत्या. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या दोन चुली होत्या. एका खापरावर त्या स्वतः आणि दुसऱ्यावर त्यांची जाऊ बसत असे. गिऱ्हाईक बहुतेक वेळा गहू, डाळ आणि गूळ आपल्या घरचे आणून देत असे व मावशी मांड्यामागे 25 रुपये मजुरी घेत. ही पद्धत खान्देशात जुनी आहे. ती लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी अडचण याच पद्धतीतून निघाली.

शिकायला आलेली तरुणी 26 वर्षांची, बारावी झालेली, एका पाच वर्षांच्या मुलाची आई. नवरा जिनिंगमध्ये कामाला, म्हणजे कापसाचा हंगाम संपला की त्याचेही काम संपते. तिला घराजवळ राहून करता येईल आणि उन्हाळ्यात पैसे देईल असे काम हवे होते. मांड्यांची मोठी मागणी नेमकी उन्हाळ्यात, आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला असते. लेकी माहेरी आलेल्या असतात, पितरांसाठी घागर भरली जाते आणि घरोघर आमरस, मांडे, रसोई, कुरडया असे जेवण होते. घरी खापर लावणाऱ्या बायका मात्र कमी होत चालल्या आहेत, त्यामुळे करून देणाऱ्या हातांना काम मिळते.

मांड्याच्या कामात अवघड काय आहे

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांना ही पुरणपोळीचीच मोठी आवृत्ती वाटते. तसे नाही. पोळी पोळपाटावर लाटली जाते, मांडा हातावर वाढतो. पारीत पुरण भरून, जरासे लाटून, तो दोन्ही हातांच्या पंजांवर आणि मग कोपरापर्यंतच्या हातांवर फिरवत फिरवत इतका पातळ करायचा असतो की आतले पुरण दिसावे, आणि मग एका हालचालीत तो उपड्या घातलेल्या तापलेल्या मातीच्या खापरावर पसरायचा असतो. पसरताना सुरकुती पडली तर ती तशीच भाजली जाते, नंतर सारखी करता येत नाही.

हे सगळे कणकेवर अवलंबून असते. गहू धुऊन, ओलसर असताना झाकून ठेवून, मग वाळवून बारीक दळतात आणि पीठ वस्त्रगाळ करतात. कोंड्याचा कण राहिला तर तो ताणलेल्या कणकेला आतून कापतो व तिथेच भोक पडते. पिठातल्या ग्लूटेनचे धागे पाण्यात भिजून एकमेकांत गुंतायला वेळ लागतो, म्हणून कणीक भिजवून ठेवतात आणि नंतर तेलाच्या हाताने मळून, आपटून, तार येईपर्यंत तिंबतात. कमी भिजली तर ती ताणल्यावर मागे आखडते, जास्त वेळ उष्णतेत राहिली तर पाणी सोडल्यासारखी ढिली होते आणि हातावरून ओघळते. या दोहोंच्या मधला काळ हिवाळ्यात दीर्घ असतो, उन्हाळ्यात फार थोडा. पुरणही कणकेइतकेच मऊ लागते. ते घट्ट झाले तर कणीक फाडते, सैल झाले तर बाहेर येऊन खापराला चिकटते आणि जळते.

खापराचेही तंत्र आहे. माती लोखंडाच्या तव्यासारखी चटकन तापत नाही आणि एकदा जास्त तापली की चटकन निवतही नाही, म्हणून जाळ कमीजास्त करण्याचा निर्णय दोन मांडे आधी घ्यावा लागतो. मावशींकडे कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या जळण म्हणून वापरतात. हे जळण भडकते लवकर आणि विझतेही लवकर, म्हणजे जाळ ज्याला कळतो त्याच्या हातात ते चांगले आणि नवशिक्याच्या हातात धोक्याचे.

सुरुवातीला विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जिल्ह्याच्या ठिकाणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत खाद्योत्पादनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करण्याचा होता. त्यातून सरकारमान्य प्रमाणपत्र मिळाले असते व हॉटेलांची दारे उघडली असती. मात्र रोजचा प्रवास आणि लहान मूल यांचा मेळ बसत नव्हता आणि तिला हॉटेलात जायचेही नव्हते. दुसरा पर्याय एका खानावळीत मदतनीस म्हणून लागण्याचा होता. तिथे पगार पहिल्या दिवसापासून मिळाला असता, पण पोळ्या लाटण्यापलीकडे शिकायला काही नव्हते. तिसरा पर्याय मावशींकडे शिकण्याचा, आणि तिने तोच निवडला.

मला तेव्हा वाटत होते की ही शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या चौकटीत बसवावी. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली नोंद झाली तर विद्यावेतन ठरलेले असते आणि 2016 पासूनच्या प्रोत्साहन योजनेत त्यातील 25 टक्के, कमाल 1,500 रुपये, सरकार उचलते. परंतु 2019 च्या सुधारित नियमांप्रमाणे स्वेच्छेने शिकाऊ घेण्यासाठीसुद्धा आस्थापनेत किमान चार माणसे लागतात. मावशींच्या शेडमध्ये दोन माणसे होती. तो विचार तिथेच संपला आणि एका कागदावर आम्ही आमचाच करार लिहिला.

करारात काय होते आणि काय नव्हते

कागदावर पाच ओळी होत्या. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी तीन तास काम, दिवसाला 150 रुपये, मुदत एक वर्ष, आणि विकण्याजोगा मांडा यायला लागल्यावर मांड्यामागे वेगळा दर. तो करार मला तेव्हा न्याय्य वाटला होता आणि मजुरीपुरता तो होताही. शिकणाऱ्या माणसाच्या हातून जे बिघडेल त्याचा खर्च कोणी सोसायचा याबद्दल मात्र त्यात एक शब्दही नव्हता. तो प्रश्न मला सुचला नाही. मावशींच्या मनात असला तरी त्यांनी तो संकोचाने काढला नसावा, असे आता वाटते.

अडचण कशी वाढत गेली

पहिले पाच महिने वरवर पाहता चांगले गेले. तरुणी वेळेवर येत होती, मावशी तिच्यावर खूश होत्या. डाळ शिजवणे, कट काढणे, पुरण वाटणे, पीठ गाळणे, कणीक भिजवणे व तिंबणे ही सर्व कामे ती नीट करू लागली. मार्च 2023 मध्ये मी तिला सहज विचारले की आतापर्यंत स्वतः खापरावर किती मांडे टाकले. तिने वहीत मोजून ठेवले होते. पाच महिन्यांत 38.

याचा अर्थ ती शिकाऊ नव्हती, कमी मजुरीवरची मदतनीस झाली होती. मावशींशी बोलले तेव्हा त्यांनी जे सांगितले त्याने माझा गैरसमज दूर झाला. त्या हात राखून शिकवत नव्हत्या. गिऱ्हाइकाने एक किलो डाळ दिली की त्यात साधारण बारा ते पंधरा मांडे होतात हे त्या घरच्या बाईलाही ठाऊक असते, आणि ती मोजून घेते. एक मांडा फाटला तर तो त्या संख्येतून कमी होतो आणि तो भरून काढायला मावशींच्या घरात वेगळी डाळ भिजलेली नसते. “पोरीचा हात बसला पाहिजे हे मला कळतं,” त्या म्हणाल्या, “पण लोकांच्या पुरणावर कसा बसवू?” या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आखाजी पाच आठवड्यांवर आली होती, म्हणून तो विषय आम्ही आखाजीनंतर पाहू असे ठरवले.

हा या प्रकरणातला पहिला मोठा निर्णयबिंदू होता आणि तो आम्ही चुकवला. पाच आठवडे थोडे नसतात. रोज थोडे पीठ सरावासाठी बाजूला काढले असते तरी पुढचा प्रसंग कदाचित टळला असता.

आखाजीचा आदला दिवस

2023 मध्ये अक्षय तृतीया 22 एप्रिलला, शनिवारी होती. मावशींनी नऊ घरांच्या मिळून 280 मांड्यांची ऑर्डर घेतली होती. दोन खापरांवर शुक्रवारी दुपारपासून रात्रीपर्यंत आणि शनिवारी पहाटे काम करून ती पुरी होणार होती. शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास मावशींच्या जावेला चुलीपाशी भोवळ आली. पत्र्याखाली, दोन चुलींच्या मध्ये, एप्रिलच्या उन्हात ती सकाळपासून बसली होती. तिला घरात नेऊन निजवले आणि दुसरे खापर रिकामे राहिले.

मावशींपुढे तीन वाटा होत्या. एकट्याने जमेल तेवढे करून उरलेल्या घरांना दुपारीच कळवायचे, शेजारच्या गावातून ओळखीच्या बाईला बोलवायचे, किंवा शिकणारीला खापरावर बसवायचे. शेजारच्या गावातल्या बाईकडेही आखाजीच्या आदल्या दिवशी स्वतःचे काम असणार हे उघड होते. घरांना कळवणे मावशींना जड वाटले. त्यांनी तरुणीला विचारले, आणि ती हो म्हणाली. पाच महिने ज्या संधीची वाट पाहिली ती समोर आल्यावर कोणीही हो म्हटले असते. त्या होकाराला निर्णय म्हणता येत नाही, असे माझे मत आहे.

तिने टाकलेल्या पहिल्या 22 मांड्यांपैकी 9 फाटले. कारण आम्हाला नंतर उलगडले. सकाळी सहाला भिजवलेली कणीक दुपारी दोनपर्यंत उन्हाने ढिली पडली होती. मावशी अशी कणीक हाती आली की नकळत हात बदलतात, गोळा लहान घेतात, कमी ताणतात व लवकर खापरावर टाकतात. तरुणी कणीक शिकली होती डिसेंबर-जानेवारीत, थंडीत, सकाळी. तिच्या हाताला एकच कणीक माहीत होती. फाटलेल्या मांड्यातले पुरण खापरावर जळले, ते खरवडताना खापर निवले, म्हणून तिने पऱ्हाट्यांचा मोठा जाळ केला आणि काही मिनिटांत खापराला बुडापासून काठापर्यंत तडा गेला. उलथणारे खापर सावरताना तिच्या उजव्या मनगटाची आतली बाजू भाजली. घाईत कोणीतरी त्यावर पीठ दाबले. भाजल्यावर तो भाग लगेच वाहत्या थंड पाण्याखाली वीसेक मिनिटे धरायला हवा, हे तिथे कोणाला माहीत नव्हते आणि ते आधी सांगणे माझे काम होते.

मावशींनी रात्री एकपर्यंत एकट्याने खापर चालवले आणि पहाटे चारला पुन्हा बसल्या. सात घरांना पूर्ण मांडे मिळाले. दोन घरांना कमी आणि उशिरा मिळाले. त्या दोघांची मजुरी त्यांनी परत केली आणि वाया गेलेल्या डाळ-गुळाचे पैसेही दिले. तरुणी त्यानंतर नऊ दिवस आली नाही.

त्यानंतर विचारात घेतलेले पर्याय

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघी एकत्र बसलो. तरुणीला खानावळीत महिना 6,000 रुपयांचे काम मिळत होते आणि घरच्यांचा ओढा तिकडे होता. तिने मावशींकडे पूर्वतयारीचे काम मजुरीने चालू ठेवावे व खापराचा नाद सोडावा, असे मावशींच्या मुलाने सुचवले. शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या जाणत्या बाईंकडे तिला पाठवावे, असेही माझ्या मनात आले होते. मावशींनी त्यावर विचारले की त्या बाई काय वेगळे करतील, गिऱ्हाइकाची डाळ तर तिथेही गिऱ्हाइकाचीच असेल. ते खरे होते. जागा बदलून प्रश्न सुटणार नव्हता, म्हणून सरावाचा खर्च गिऱ्हाइकाच्या मालातून वेगळा काढणे एवढाच मार्ग उरला. तीन महिने तो खर्च आमच्या गटाने उचलावा असे ठरले आणि तरुणीने खानावळीचे काम नाकारले. तिचा तो निर्णय सोपा नव्हता. त्या महिन्यांत नवऱ्याला काम नव्हते आणि तिचे 150 रुपये रोज हेच घरातले नियमित पैसे होते.

नव्याने बसवलेली शिकवणूक

पहिले दहा दिवस चूल पेटवलीच नाही. थंड खापर उपडे ठेवून त्यावर पुरण न भरलेली कोरी कणीक पसरायची, सुरकुती पडली की गोळा करायची, अर्धा तास झाकून ठेवायची आणि पुन्हा पसरायची. एकाच किलो पिठावर दिवसभरात वीसपंचवीस वेळा हात फिरत होता आणि वाया काहीच जात नव्हते. हा उपाय मावशींच्या आठवणीतून निघाला. त्यांच्या आईने लहानपणी त्यांना ओल्या फडक्यावर हात फिरवायला लावले होते, हे त्यांना बोलता बोलता आठवले. पुढचे वीस दिवस कोरे मांडे पेटत्या खापरावर, आणि त्यानंतर 42 दिवस रोज अर्धा किलो डाळीचे पुरण भरून, म्हणजे दिवसाला सहासात मांडे.

कणकेची ओळख पटवण्यासाठी जे केले ते मला या सगळ्यात महत्त्वाचे वाटते. कणीक तयार झाली की नाही हे कसे ओळखता, असे विचारले की मावशी “हाताला कळतं” इतकेच सांगत. त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. चाळीस वर्षे जे हाताने केले ते तोंडाने सांगण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. मग आम्ही तीन पातेल्यांत तीच कणीक एक, दोन आणि चार तास आधी भिजवून ठेवू लागलो. तरुणीने डोळे मिटून तिन्हींवर बोट दाबायचे, प्रत्येकीची तार ओढायची आणि कोणती किती वेळाची ते सांगायचे. मावशीही शेजारी बसून तेच करत. काही दिवसांनी मावशींच्या तोंडून आपोआप शब्द येऊ लागले: ही अजून रुसलेली आहे, ही कानाच्या पाळीसारखी झाली, हिचा जीव गेला. तरुणीने हे शब्द, दिवसाचा उन्हाळा-गारवा, पाण्याचे माप आणि वेळ वहीत लिहून ठेवली. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर त्या वहीचे मोल कळले, कारण दमट हवेत पिठाला पाणी कमी लागू लागले आणि मेमधले माप चालेना. ओल धरलेले खापर आधी मंद जाळावर बराच वेळ शेकून घ्यावे लागते, नाहीतर तडकते, हेही तिने त्याच महिन्यात एक लहान खापर गमावून शिकून घेतले.

फाटलेल्या मांड्यांचे काय करायचे यावर मतभेद झाला. ते वजनावर स्वस्तात विकले असते तर खर्चाचा काही भाग निघाला असता, असे मला वाटत होते. मावशींनी ठाम नकार दिला; त्यांच्या शेडमधून फाटका मांडा बाहेर जाणार नाही, असे त्या म्हणाल्या. ते मांडे दोन्ही घरांत आणि शेजारीपाजारी खाल्ले गेले. त्या तिन्ही टप्प्यांचा मालाचा खर्च अनुक्रमे 300, 1,800 आणि 7,140 असा मिळून 9,240 रुपये झाला. एका माणसाचा हात बसायला लागलेली ही रक्कम आहे. ती आधीच्या व्यवस्थेत कुठेच नोंदली जात नव्हती, म्हणून कोणीच ती खर्च करत नव्हते.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. 18 जुलै ते 16 ऑगस्ट या धोंड्याच्या महिन्यात जावयांना जेवायला बोलावतात, त्यामुळे एरवी रिकाम्या जाणाऱ्या दिवसांत मांड्यांची मागणी आली. तरुणीच्या हातचे मांडे विकायला द्यावेत का, हा दुसरा निर्णयबिंदू तेव्हा आला. या वेळी घाई केली नाही. ओळखीच्या एका घराला आधी सांगितले की मांडे नव्या हाताचे असतील, दोन जास्तीचे करू आणि त्यांची डाळ आमची असेल. त्या घराने मान्य केले. तिने 14 मांडे केले, एक फाटला. नोव्हेंबर 2023 पासून तिला मांड्यामागे 12 रुपये मिळू लागले. मावशींच्या शिकवण्याच्या वेळेचा मोबदला मात्र आम्ही ऑगस्टमध्ये सुरू केला, महिना 1,500 रुपये. तोपर्यंत त्या रोज तासभर फुकट शिकवत होत्या आणि हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

निष्पत्ती

2024 ची आखाजी 10 मे रोजी आली. या खेपेस चुलींमध्ये अंतर वाढवले होते, शेडला उन्हाच्या बाजूने ओले तरट बांधले होते, कणीक एकदम न भिजवता दर दोन तासांनी थोडी थोडी भिजवली आणि ऑर्डरही कमी घेतली. तरुणीने दिवसभर एक खापर चालवले. 96 मांडे टाकले, त्यांतले 5 फाटले. मावशींचे त्या दिवशी 130 मध्ये 2 फाटले. 91 मांड्यांचे तिला 1,092 रुपये मिळाले आणि फाटलेल्या पाचांची भरपाई आधीच वेगळ्या ठेवलेल्या पुरणातून झाली.

ती स्वतंत्र झाली आहे असे मात्र म्हणता येणार नाही. तिच्या भाड्याच्या घरात चूल पेटवायला जागा नाही. स्वतःच्या नावावर विकायचे तर अन्नसुरक्षा नोंदणी लागते. तिच्यासारख्या छोट्या व्यवसायाला ती वर्षाला 100 रुपयांत मिळते, पण अर्जात कामाचा पत्ता द्यावा लागतो. या कामाच्या शिक्षणाचा कागद तिच्याकडे नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी कारागिरांसाठी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत खापर घडवणारा कुंभार आहे, त्यावर मांडे करणारी बाई नाही, याचे मला वाईट वाटते. तिने स्वतःची गिऱ्हाइके कुठे शोधायची हा प्रश्नही नाजूक होता. आखाजीला तिने मावशींच्याच शेडमध्ये यायचे आणि इतर वेळी आपल्या वस्तीतली कामे त्या घरी जाऊन करायची, असे दोघींनी आपसांत ठरवले. मी त्यात पडले नाही.

आज पुन्हा करायचे तर

करार लिहिताना पहिली ओळ बिघडणाऱ्या मालाची लिहावी लागेल: रोज किती पीठ, किती दिवस, कोणाच्या पैशाने. दुसरी शिकवणाऱ्याच्या वेळेची. मजुरीचा क्रम त्यानंतर येतो. आम्ही तो उलटा लावला होता.

शिकवणूक नोव्हेंबरमध्ये सुरू केली ही चूक होती. थंडीतली कणीक सोशीक असते, ती शिकणाऱ्याला खोटा आत्मविश्वास देते, आणि हात पुरता बसायच्या आत आखाजीची गर्दी येते. आखाजी संपल्याबरोबर, मेमध्ये सुरुवात केली तर उन्हाळा, पावसाळा आणि थंडी या तिन्ही हवामानांतली कणीक हाताखालून जाते आणि पुढची आखाजी पूर्ण वर्षभराने येते. तसे केले असते तर ओढाताणीचे पहिले सहा महिने वाचले असते.

मार्चमधल्या त्या 38 च्या आकड्याकडे मी आधीच पाहायला हवे होते. दर महिन्याला शिकाऊ किती दिवस आली हे मी नोंदवत होते, तिने किती मांडे टाकले हे नोंदवत नव्हते. पूर्ण हजेरी पाहून मी निर्धास्त राहिले होते.

फाटके मांडे न विकण्याच्या मावशींच्या निर्णयाबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. त्यांच्या नावाला बाध आला नाही, हे खरे. पण गटाकडे पैसे नसते तर हा सराव महिनाभरही चालला नसता, आणि बहुतेक ठिकाणी असा गट नसतो. न दिसणाऱ्या जागी, उदाहरणार्थ दुधात कुस्करून खाण्यासाठी म्हणून, असा माल स्पष्ट सांगून विकणे गैर नाही, असे मला वाटते. मावशींना ते आजही पटत नाही.

2023 मध्ये ज्या दोन घरांना मांडे कमी मिळाले होते, त्यांपैकी एका घराने 2024 च्या आखाजीला पुन्हा मावशींकडेच डाळ पाठवली. त्यांचे 18 मांडे तरुणीने केले आणि ते नेऊन द्यायला ती स्वतः गेली. दुसऱ्या घराने अजून ऑर्डर दिलेली नाही.